पंढरीची वाट सायकलवर

सायकल कोणाला माहीत नाही? आपल्या गावात दर दोन-चार घरांमागे एक सायकल असते. कोणी तिच्यावरून दूध घालतो, कोणी शेतावर जातो. कोणाची मुलगी शाळेला जाते. सायकलला पेट्रोल लागत नाही आणि वैरणही लागत नाही. म्हणून तिला गरिबाचा घोडा म्हणतात.

पण शेतावर जाणे वेगळे आणि शंभर किलोमीटर जाणे वेगळे. हा फरक आम्हाला कसा कळला, ते या धड्यात सांगतो. आधी आमची फजिती सांगतो. मग तयारी कशी करायची ते सांगतो.

आमची पहिली खेप

आमचे गाव फलटणजवळ आहे. आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात एकदा गोष्ट निघाली, की आपण सायकलवर पंढरपूरला जाऊ. फलटणहून पंढरपूर सुमारे ११० किलोमीटर. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी गावे लागतात. आषाढीला माउलींची पालखी याच वाटेने जाते. सगळी वाट तोंडपाठ!

आम्ही म्हणालो, "त्यात काय शिकायचंय? रोज तर सायकल चालवतो."

हे २०१८ सालच्या एप्रिल महिन्यात घडले. आम्ही सात जण निघालो. कोणी सराव केला नव्हता. कोणी सायकल दुकानात दाखवली नव्हती. निघायला सकाळचे नऊ वाजले. दोघांच्या सायकलींत हवा कमी होती. पाण्याच्या बाटल्या तिघांकडेच होत्या. पहिले दहा किलोमीटर आम्ही शर्यत लावल्यासारखे गेलो. हसत गेलो, ओरडत गेलो.

बरड मागे पडले आणि ऊन तापले. एकाची सायकल पंक्चर झाली. पंप नव्हता. सायकल हातात धरून आम्ही तासभर चाललो. पुढे पुन्हा निघालो, तेव्हा गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून जोरात निघालो.

आमच्यात एक वयस्कर गडी आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांचे डोके दुखत होते. अंगावर काटा येत होता. पण ते बोलले नाहीत. पोरांपुढे कमीपणा कसा घ्यायचा? नातेपुत्याच्या अलीकडे ते सायकलसकट रस्त्यावर पडले. मागून गाडी येत नव्हती, म्हणून वाचले. एका पिकअपवाल्याने गाडी थांबवली आणि त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलंय. अजून थोडा उशीर झाला असता तर जीवावर बेतलं असतं."

आप्पा बरे झाले. पण त्यांच्या घरी आम्ही कोणत्या तोंडाने गेलो, ते आमचे आम्हाला माहीत. काकू एवढेच म्हणाल्या, "देवाला जायला निघाला होता ना? मग देवाने दिलेलं डोकं घरी का ठेवलंत?"

त्या बोलण्याचे उत्तर आम्ही पुढे शोधले. चार वर्षांनी, २०२२ साली, कार्तिकीच्या सुमारास आम्ही पुन्हा निघालो. या वेळी आठ जण होतो. त्यात दोन बायका होत्या. आप्पाही होते. निघण्याआधी सहा आठवडे तयारी केली. ती तयारी अशी.

दिवस कोणता निवडावा?

पहिली गोष्ट म्हणजे ऋतू पाहा. चैत्र-वैशाखात ऊन फार. आषाढात पाऊस आणि पालखीची गर्दी. त्या दिवसांत रस्ता पायी वारकऱ्यांचा असतो. तेथे सायकल घुसवू नये. कार्तिकात पहाटे गारवा असतो आणि रस्ता कोरडा असतो. म्हणून आम्ही कार्तिक निवडला. एकादशीची गर्दी टाळायची म्हणून चार दिवस आधीच जाऊन आलो.

पण कार्तिकात दुसरी एक अडचण असते. तेव्हा उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याला जातो. त्याबद्दल पुढे सांगू.

दुसरी गोष्ट, एका दिवसात सगळे अंतर तोडायचा हट्ट धरू नका. आम्ही दोन दिवस ठरवले. पहिल्या दिवशी फलटण ते माळशिरस. दुसऱ्या दिवशी माळशिरस ते पंढरपूर. रोज सुमारे ५५ किलोमीटर. मुक्कामाची सोय आधी फोन करून पक्की केली.

हळू गेले तर लांब जाता येत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला ही खरी हकिकत सांगा. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतल्या तिघांनी फेरी पुरी केली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा अशी त्यांची नावे. ते १९२८ साली परत आले. वाळवंट आणि बर्फ तुडवत ते सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरले. आता हिशेब करा. जवळजवळ साडेचार वर्षे म्हणजे सुमारे १६०० दिवस. भागाकार केला तर दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर पडतात. एवढेच! जगाची फेरी रोजच्या ४४ किलोमीटरने झाली. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

आधी शरीराची तयारी

तयारीला सहा आठवडे घ्या. ज्याचे वय पन्नाशीपुढे आहे, ज्याला रक्तदाब, साखर किंवा छातीचा त्रास आहे, त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. आप्पांनी विचारले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, "जा, पण दमाने. आणि उन्हाच्या आत पोहोचा."

आम्ही आठवड्यातून तीन दिवस सराव केला. दोन दिवस थोडे अंतर आणि एक दिवस लांबचे अंतर. लांबचे अंतर असे वाढवत नेले:

पहिला आठवडा – १० किलोमीटर
दुसरा आठवडा – १५ किलोमीटर
तिसरा आठवडा – २५ किलोमीटर
चौथा आठवडा – ३५ किलोमीटर
पाचवा आठवडा – ४५ किलोमीटर
सहावा आठवडा – विश्रांती. फक्त दोनदा १०-१० किलोमीटर.

शेवटच्या आठवड्यात विश्रांती कशाला? बैलाला शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणी नांगराला जुंपतो का? तसेच आपल्या पायांचे. सरावाने पाय थकतात आणि विश्रांतीत ते भरून येतात.

कोणी म्हणेल, "आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हाला सराव कशाला?" आम्हीही असेच म्हणत होतो. पण नांगर धरणारे हात वेगळे आणि पायडल मारणारे गुडघे वेगळे. शिवाय तीन-चार तास सीटवर बसायची सवय लागते. ती बसल्याशिवाय लागत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत आमचे बूड चांगलेच दुखले. पुढे दुखायचे थांबले.

सराव करताना वजन सोबत घ्या. जे सामान नेणार, तेच कॅरिअरला बांधा. रिकामी सायकल आणि भरलेली सायकल यांत फार फरक असतो. उतारावर भरलेली सायकल लवकर थांबत नाही.

सीट किती उंच असावी?

ही साधी गोष्ट आम्हाला पन्नाशीपर्यंत कोणी सांगितली नव्हती. बहुतेक लोक सीट खाली ठेवतात. दोन्ही पाय जमिनीला टेकले की बरे वाटते. पण सीट फार खाली असली की गुडघे दुमडलेले राहतात आणि लांबच्या वाटेवर दुखतात.

उंची अशी ठरवा. सायकल भिंतीला टेकवा आणि सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाच काढून चवडा ठेवा. आता गुडघा थोडासा वाकेल. ही उंची बरोबर. पायडल नेहमी चवड्याने मारावे, टाचेने नव्हे.

आप्पांचे गुडघे दहा वर्षे दुखत होते. सीट दीड इंच वर केली आणि दुखणे निम्मे झाले. ते म्हणाले, "आयला! दहा वर्षं मी तेल चोळत बसलो. पाना घेतला असता तर बरं झालं असतं."

मग सायकलची तयारी

निघायच्या दोन आठवडे आधी सायकल दुकानात द्या. दुकानदार सगळे भाग सोडतो, साफ करतो, ग्रीस भरतो आणि पुन्हा जोडतो. त्याला तो 'ओव्हरऑइलिंग' म्हणतो. आदल्या दिवशी मात्र देऊ नका. नवी दुरुस्ती एखाद्या वेळी पुन्हा आवळावी लागते. ते सरावात कळू द्या, वाटेत नको.

दुकानातून आणल्यावर आपण स्वतः हे पाहावे:

ब्रेक. दोन्ही ब्रेक लागतात का? रबर झिजले असेल तर बदला. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, तोंडघशी पडाल. मागचा आधी आणि पुढचा हळूच, मग दोन्ही मिळून.

चाके. चाक उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे डुलते का? डुलत असेल तर आऊट काढून घ्या. एखादी तार सैल किंवा तुटलेली असेल तर बसवून घ्या. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. मग त्याही तुटतात. घरातला एक कर्ता माणूस आजारी पडला की बाकीच्यांवर भार येतो, तसेच हे.

चेन. मधोमध बोटाने दाबा. अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. फार ढिली असली तर उतरते. फार ताठ असली तर जड जाते. तेल थेंबाथेंबाने सोडा आणि वरचे फडक्याने पुसून घ्या. जास्त तेलाला धूळ चिकटते. रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक घसरतो.

टायर. गुळगुळीत झाला असेल, तडे गेले असतील, तर नवा घाला. येथे कंजुषी नको.

हवा. टायरच्या बाजूला हवेचा आकडा लिहिलेला असतो. आता आपल्याला आकडे वाचता येतात. दुकानात हवा मोजायचे यंत्र असते. त्यावर मोजून हवा भरून घ्या. हवा कमी असली की सायकल ओढल्यासारखी जाते. शिवाय खड्ड्यात ट्यूब चिमटून फाटते.

या हवेचीही एक गोष्ट आहे. पूर्वी सायकलच्या चाकाला भरीव रबर असे. हाडे खिळखिळी होत. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला. बेलफास्ट या गावी तो राहत असे. मुलाला दणके बसू नयेत, एवढाच त्याचा हेतू. तेव्हापासून जगभरच्या सायकली हवेवर चालू लागल्या. म्हणून सांगतो, सायकलचे अर्धे बळ हवेत आहे.

पंक्चर काढायला शिका

लांबच्या वाटेवर दुकान पाहिजे तेथे सापडत नाही. म्हणून आमच्या आठही जणांनी पंक्चर काढायला शिकून घेतले. आमच्या वर्गातल्या मावशी सगळ्यांत आधी शिकल्या. त्या म्हणाल्या, "गोधडीला ठिगळ लावतो, तसंच की हे."

रीत अशी आहे. ट्यूब बाहेर काढा आणि हवा भरा. पाण्यात धरा. बुडबुडे येतील तेथे भोक आहे. खूण करा. जागा कोरडी करा. पॉलिश पेपरने घासा. सोल्युशन लावा. लगेच चिकटवू नका. चार-पाच मिनिटे सुकू द्या. मग पॅच ठेवून घट्ट दाबा.

पुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात. टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. बाभळीचा काटा तेथेच रुतलेला असतो. तो काढला नाही तर दहा पावलांवर नवे पंक्चर.

बरोबर काय घ्यावे?

आम्ही यादी लिहून काढली. पहिल्या वेळी सगळे तोंडी होते. "पंप तू आण," असे प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणाला. शेवटी कोणीच आणला नाही. लिहिलेली यादी असे होऊ देत नाही. वस्तूपुढे नाव लिहायचे आणि पिशवीत टाकली की खूण करायची.

सायकलसाठी: पंप, एक जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, पाना, टायर काढायच्या पट्ट्या, तेलाची छोटी बाटली, फडके, थोडी तार आणि सुतळी.

अंगासाठी: सुती कपड्यांचा एक जोड, टॉवेल, पुढे झाप असलेली टोपी किंवा हेल्मेट, पातळ सतरंजी, खोबरेल तेल.

औषध: पट्टी, कापूस, जखमेला लावायचे मलम, मीठ-साखरेच्या पुड्या आणि आपली रोजची गोळी.

कागद: खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आपले नाव, गाव, घरचा फोन आणि असलेला आजार लिहा. माणूस बेशुद्ध पडला तर चिठ्ठी त्याच्या वतीने बोलते. आप्पा पडले तेव्हा चिठ्ठी नव्हती. मोबाइलला कुलूप होते. दवाखान्यात आजाराचे विचारले, तर आम्हाला सांगता आले नाही.

हेल्मेट मिळाले तर जरूर घाला. डोके फुटले तर दुसरे मिळत नाही.

सामान कमी घ्या. कॅरिअरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. हँडलला पिशव्या अडकवू नका, हँडल वळते. पाठीवर ओझे घेऊ नका, कंबर भरते. पदर, उपरणे, धोतराचा सोगा मोकळा सोडू नका. चेनमध्ये किंवा चाकात गेला तर माणूस पाडतो. आमच्या दोघी बाया पंजाबी ड्रेस घालून आल्या आणि ओढणी कमरेला बांधली. गावात दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी थांबली.

खाणे आणि पाणी

आधी पोटोबा, मग विठोबा. सायकलवर ही म्हण अक्षरशः खरी आहे. उपाशीपोटी निघू नका. निघण्याआधी तासभर भाकरी किंवा पोहे खा. तडस लागेपर्यंत मात्र खाऊ नका. वाटेत दर तासाला थोडे थोडे खा. शेंगदाणे-गूळ, केळे, राजगिऱ्याचा लाडू, दशमी हे सगळ्यांत चांगले. ज्यांना उपवास करायचा असेल त्यांनी पोहोचल्यावर करावा.

पाणी तहान लागायच्या आधी प्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. घामातून मीठही जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, सपाट भरलेला. मीठ जास्त घालू नका. हे पाणी जुलाबातही कामी येते. मात्र ज्यांना साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार आहे, त्यांनी ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दारू, तंबाखूबद्दल वेगळे सांगायला नको. दारू पिऊन सायकल चालवणे म्हणजे आपण होऊन चाकाखाली जाणे.

रस्त्यावर कसे जावे?

आम्ही पहाटे तयार झालो आणि उजाडल्यावर, साडेसहाला निघालो. अंधारात एक पाऊलही गेलो नाही. तरी मागे लाल दिवा लावला होता. मडगार्डला चकाकणारी पट्टी चिकटवली होती.

फलटणहून पंढरपूर पूर्वेच्या अंगाला आहे. सकाळी ऊन समोरून डोळ्यांत येते. तेच ऊन मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत जाते. त्याला आपण नीट दिसत नाही. म्हणून अंगात पिवळा किंवा भगवा, उठून दिसेल असा सदरा घाला. सकाळच्या पहिल्या तासात जास्त जपा.

या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेगही वाढतो. म्हणून जेथे बाजूचा रस्ता असेल तेथे बाजूनेच जा. नसेल तर डाव्या कडेने एकामागे एक जा. दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत जाऊ नका. गप्पा चहाला थांबल्यावर मारा.

आता उसाच्या ट्रॅक्टरचे. ट्रॉलीतून ऊस बाहेर लोंबत असतो. मागची ट्रॉली डोलते. ट्रॅक्टर जवळून जायला लागला की हळू व्हा आणि कडेला थांबा. तो पुढे जाऊ द्या. काही पोरे ट्रॉलीला हात धरून फुकट ओढून घेतात. असे कधीही करू नका. एक खड्डा आला की पोर चाकाखाली जाते. आमच्यातल्या एका पोराने धर्मपुरीजवळ हात पुढे केला होता. मावशी मागून ओरडल्या, "हात काढ! तुझ्या आईला काय सांगू मी?" त्याने हात काढला.

दगड वाचत चला. राष्ट्रीय मार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असते आणि राज्य मार्गाचे हिरवे. त्यावर गावाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते. मावशी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकल्या. त्या प्रत्येक दगड मोठ्याने वाचत होत्या. "माळशिरस बारा!" "माळशिरस अकरा!" आमचे थकलेले पाय त्या आवाजावर चालत होते.

सगळ्यांत हळू चालवणारा पुढे ठेवा. बाकीचे त्याच्या मागे. म्हणजे कोणी मागे सुटत नाही. आमच्या पुढे आप्पा होते. बोलता येईल इतक्याच वेगाने चला. धाप लागून बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजा. तासाला दहा-बारा किलोमीटर पुरे.

केव्हा थांबावे?

हा या धड्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. तो दोनदा वाचा.

डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, उन्हात अंगावर काटा येतो, बोलणे बरळल्यासारखे होते. यांतले एक जरी झाले तरी थांबा. सावलीत आडवे व्हा. कपडे सैल करा. अंगावर पाणी मारा, वारा घाला. शुद्धीवर असाल तर घोट घोट पाणी प्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. छातीत दुखले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध गेली, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ११२ क्रमांकालाही मदत मिळते.

पायाला वांब आला, म्हणजे गोळा आला, तर उतरा. पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा. मीठ-साखरेचे पाणी प्या.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी एक ठराव केला. ज्याला त्रास होईल त्याने लगेच सांगायचे. बाकीच्यांनी हसायचे नाही. ज्याने लपवले त्याने सगळ्यांना फसवले, असे धरायचे.

दुसऱ्या खेपेला काय झाले?

पहिल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास आम्ही माळशिरसला पोहोचलो. एक पंक्चर झाले. पाऊण तासात निघाले. रात्री पायांना तेल चोळून लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी वेळापूर गेले. भंडीशेगाव आले. तेथे आप्पांनी हात वर केला. सगळे थांबलो. आप्पा म्हणाले, "गुडघा भरलाय. डोकं ठीक आहे. पण पुढं चालवली तर गुडघा जाईल. मी टेम्पोनं येतो."

पंढरपूर पंधराएक किलोमीटरवर आले होते. कळस डोळ्यांपुढे दिसू लागला होता म्हणा. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मावशी म्हणाल्या, "बरं केलंत, सांगितलंत ते."

एक रिकामा टेम्पो मिळाला. आप्पा आणि त्यांची सायकल त्यात चढली. आम्ही दोन तासांनी पंढरपुरात शिरलो, तेव्हा आप्पा चंद्रभागेच्या घाटावर आमच्यासाठी चहा सांगून बसले होते. दर्शनाला आठही जण मिळून गेलो.

परत आल्यावर आम्ही आधी आप्पांच्या घरी गेलो. काकूंनी दारातच आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "या वेळी डोकं बरोबर नेलं होतं वाटतं!" आणि सगळ्यांना आत बोलावले.

पहिल्या वेळी आप्पा थांबले नाहीत, म्हणून पडले. दुसऱ्या वेळी थांबले, म्हणून धड घरी आले. तयारी म्हणजे नुसते पाय घट्ट करणे नव्हे. आपली शक्ती किती, हे ओळखणे आणि ते चारचौघांत सांगायला न लाजणे, हीसुद्धा तयारीच. सायकल तेलाने चालते, पाय भाकरीने चालतात आणि सोबत खऱ्या बोलण्याने चालते.

तुमच्या गावाहून तुमचे ठिकाण कोणतेही असो. आळंदी असो, तुळजापूर असो, नाहीतर लेकीचे सासर असो. आजपासून सहा आठवडे मोजा आणि पहिल्या दिवशी फक्त दहा किलोमीटर जाऊन या.

लक्षात ठेवा

सराव हळूहळू वाढवा.
सायकल दोन आठवडे आधी दुरुस्त करा.
यादी लिहा. चिठ्ठी खिशात ठेवा.
तहान लागण्याआधी पाणी प्या.
अंधारात जाऊ नका. ट्रॉलीला हात लावू नका.
त्रास झाला तर लपवू नका.

हिशेब करा

१. अंतर ५५ किलोमीटर आहे. तासाला ११ किलोमीटर गेलो तर चालवायला किती तास लागतील? वाटेत विश्रांतीला एक तास आणि जेवणाला एक तास धरा. सकाळी साडेसहाला निघालो तर किती वाजता पोहोचू?

२. एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ लागते. तीन लिटर पाण्याला किती साखर आणि किती मीठ लागेल?

३. तुमच्या गावाहून कोठे जायचे ते ठरवा. वाटेतल्या गावांची नावे क्रमाने लिहा. बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोण आणणार त्याचे नाव लिहा.